शिरपूरच्या कुलुपाचा धडा

सहल म्हटली की वेरूळ-अजिंठा आणि रजा प्रवास सवलत म्हटली की आग्रा-जयपूर, हे समीकरण आपल्या नोकरदार मध्यमवर्गात पक्के झाले आहे. दूरचे महाल आणि बाजारपेठा पाहण्यात गैर काही नाही. परंतु आपण राहतो त्या जिल्ह्यातील दगडांची साधी विचारपूस करण्याचीही उसंत आपणांस मिळू नये, हे खचितच खेदजनक आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविणारा वराहदेव हा याच शाखेतील हरिषेण राजाचा सचिव होता. आपण ते लेणे पाहून धन्य होतो, राजधानीच्या वाटेला मात्र जात नाही. याच जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन आहे. गावाबाहेर पवळीचे हेमाडपंती धाटणीचे मंदिर, तर गावात अंतरिक्ष पार्श्वनाथाचे. येथील कृष्णवर्ण मूर्ती भूमीस न टेकता अधांतरी राहते, अशी भाविकांची श्रद्धा आहे. मूर्तीच्या खालून पूर्वी घोडेस्वार जाऊ शके, असे आख्यायिका सांगते.

या मंदिराचा अर्वाचीन इतिहास मात्र आख्यायिकेचा नाही, तो कज्जांचा आहे. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही पंथांनी 1905 साली पूजेच्या वेळा वाटून घेतल्या. तरीही तंटा मिटला नाही. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला व 1929 साली तेथे निर्णय झाला. त्यानेही समाधान झाले नाही. अखेर 1981 साली मंदिरास कुलूप लागले आणि ते 2023 च्या मार्चमध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. कुलूप लागले तेव्हा पहिलीत असलेले मूल ते निघाले तेव्हा पन्नाशीला टेकले होते!

हा दोन पंथांचा प्रश्न आहे, त्रयस्थांनी त्यात पडू नये, असे कोणी म्हणेल. हक्क कोणाचा, हे न्यायालय ठरवील. तो आपला विषय नव्हे. परंतु मालकीचा निवाडा आणि वास्तूची जपणूक या दोन भिन्न गोष्टी आहेत. दावा जिंकणाऱ्यास वास्तू मिळते. तिच्याविषयीची आस्था हुकूमनाम्याने मिळत नाही. ती माणसांच्या येण्याजाण्याने, पाहण्याने व पुढच्या पिढीस सांगण्याने टिकते. बेचाळीस वर्षांत हीच परंपरा खुंटली, आणि तिची भरपाई कोणत्याही निकालाने व्हावयाची नाही.

म्हणून काम शिक्षकांपासून सुरू झाले पाहिजे. जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने वर्षातून एक सहल वाशीम-शिरपूरची काढावी. विद्यार्थ्यांनी चुन्याविना रचलेले हेमाडपंती चिरे पाहावेत. वाकाटक कोण आणि यादव कोण, हे फळ्यावर नव्हे, दगडापुढे उभे राहून शिकावे. ग्रामपंचायतीने मराठीत, सनावळीसह, साधा माहितीफलक लावावा. पाहुणे आले तर गावच्या बाजारातील फुलवाला, हॉटेलवाला व फळविक्या यांच्या पदरातही दोन पैसे पडतील.

देवाचे दार न्यायालयाने उघडले. इतिहासाचे दार आपणच लावून घेतले आहे, आणि त्यास कोणत्याही न्यायालयाचा आदेश लागत नाही.