सत्ताविसावा आठवडा

बाळंतपणाची रजा संपत आली की घराघरांत एक शोध सुरू होतो. कोणी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर विचारते, कोणी लसीकरणाच्या रांगेत शेजारी बसलेल्या दुसऱ्या आईला: जवळपास चांगले पाळणाघर आहे का हो? सासूबाई गावी, आईचे गुडघे दुखतात, दिवसभराची बाई परवडत नाही. अखेर मागच्या गल्लीत कुणा काकूंच्या दोन खोल्यांत, जिथे आधीच नऊ मुले आहेत, तिथे बाळ ठेवून ती लोकल गाठते. पिशवीत दुपटी, काढून ठेवलेले दूध, औषधाची बाटली. निवड तिची, आणि काही बिघडले तर बोलणीही तिलाच. ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

कायद्याने काही केले नाही असे नाही. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा मिळाली. १९४८चा कारखाना कायदा पाळणाघरासाठी फक्त स्त्री कामगारांची संख्या मोजत असे, जणू मूल एकट्या आईचेच. २०१७मध्ये सगळे कर्मचारी मोजले गेले, हे मोठे पाऊल होते. सामाजिक सुरक्षा संहितेतही ५०ची अट आहे. पण दहा-बारा माणसांची कार्यालये, दुकाने, खासगी दवाखाने, शिकवणी वर्ग इथे राबणाऱ्या असंख्य स्त्रिया या आकड्याबाहेरच राहतात. शिवाय २६पैकी ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली म्हणून ते वापरले, तर आई कामावर परतते तेव्हा बाळ १८ आठवड्यांचे असते. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्या, असे आपण तिला सांगतो. ते द्यायचे कसे, हे मात्र तिने पाहायचे.

म्हणून खरा भार पडतो तो गल्लीतल्या पाळणाघरावर. २०१६मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला आयाने केलेली अमानुष मारहाण साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. तेव्हापासून पालक पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा. पण कॅमेरा तिथेही होता. त्याने मारहाण दाखवली, ती थांबवली नाही. विचारायला हवे ते वेगळेच: एका बाईकडे किती तान्ही आहेत? या मावशी इथे किती वर्षे आहेत, की दर दोन महिन्यांनी चेहरा बदलतो? न सांगता दुपारी बारा वाजता आलो तर आत येऊ द्याल का? ती भरवण्याची आणि झोपवण्याची वेळ. बाळांना मांडीवर घेऊन भरवले जाते की रांगेत बसवून उरकले जाते, हे तेव्हा पाच मिनिटांत कळते. जे पाळणाघर दारातूनच बाळ घेते आणि दारातूनच परत देते, तिथे मूल ठेवू नये.

केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वर्षांखालील १० मुलांमागे एक सेविका असे प्रमाण आहे. दोन वर्षांच्या मुलांसाठी ते कसेबसे चालेल, तान्ह्यांसाठी मुळीच नाही. आग लागली तर एका बाईच्या दोन कडांवर दोनच बाळे मावतात. आमच्या मते वर्षाखालील तीन बाळांमागे एक बाई हवी. हे महाग आहे, हे उघड आहे. आज पाळणाघर परवडते, कारण दहा तास शी-शू काढणाऱ्या, रडे शमवणाऱ्या मावशीला तुटपुंजा पगार मिळतो. थकलेल्या, वैतागलेल्या, उद्या दुसरीकडे जाऊ पाहणाऱ्या बाईच्या हाती आपण बाळ सोपवतो आणि तिच्याकडून माया मात्र सख्ख्या आजीची मागतो. हा फरक एकट्या आईबापांनी भरून काढायचा नाही. त्यात मालकाचा वाटा हवा आणि सरकारचाही.

पोळी-भाजी केंद्र चालवायला अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. त्याच इमारतीत तान्ही मुले सांभाळणाऱ्या घराचीही नोंद वॉर्ड कार्यालयात सक्तीची व्हावी. काकूंना नामोहरम करण्यासाठी नव्हे. बहुतेकजणी जीव लावून मुले सांभाळतात, त्यांना प्रशिक्षण आणि अनुदान दोन्ही मिळायला हवे. ‘मिशन शक्ती’च्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याची सोय आहेच. शहरांतल्या वस्त्यांमध्ये तिचा विस्तार करून वेळ संध्याकाळी सातपर्यंत न्यावी, सेविकेला त्या तासांचा वेगळा मोबदला द्यावा. आणि प्रत्येक पाळणाघराच्या दारावर दोन गोष्टी ठळक लिहिलेल्या असाव्यात: आत जास्तीत जास्त किती मुले, आणि त्यांना सांभाळायला किती जणी. राज्य सरकारने येत्या अधिवेशनात एवढा कायदा तरी आणावा.