वर्गणी थांबली, आता कसोटी

गलवानमध्ये २० जवानांना वीरमरण आले. दहाच दिवसांत पीटीआयने चिनी राजदूतांची मुलाखत घेतली. प्रसारभारतीने कठोर पत्र धाडले. ऑक्टोबर २०२० मध्ये वर्गणीही थांबवली. लगेच मुस्कटदाबीची ओरड झाली. खरी मुस्कटदाबी १९७६ साली झाली. चार वृत्तसंस्था मोडून एकच ‘समाचार’ उभारली गेली. दादासाहेब आपटे यांनी १९४८ साली स्थापलेली ‘हिंदुस्थान समाचार’ही त्यात गिळली गेली. जनतेच्या पैशाने कोणती बातमी घ्यावी हे ठरवणे म्हणजे बंदी नव्हे. मात्र वर्गणी थांबवणे सोपे, विश्वासार्ह पर्याय देणे कठीण. २०२३ मध्ये प्रसारभारतीने ‘हिंदुस्थान समाचार’शी करार केला. तेव्हापासून कसोटी आपलीही आहे. नाशिकच्या श्रोत्याला बातमी राष्ट्रहिताची हवी. त्याआधी ती खरी हवी.