पाण्याला वाट हवी



दत्तजयंतीची गर्दी ओसरली तेव्हा आमच्या शेजारच्या आक्का म्हणाल्या, "साहेब, लगीन होऊन चाळीस वर्सं झाली. ऊस दरसाल गावाबाहेर जातो, मी काय गेले नाही. नरसोबाच्या वाडीला तरी न्या." तात्यांनी होय-नाही करीत रुकार दिला आणि एका सोमवारी दोन्ही घरची आम्ही चौघे कराडहून सकाळच्या पॅसेंजरने निघालो.

तात्या गप्पच होते. नदीकडचा दीड एकराचा तुकडा क्षारांनी पांढरा पडलेला. त्याची माती वीटभट्टीला द्यायची, असे त्यांच्या मनाने घेतले होते. त्याच आठवड्यात इसार व्हायचा होता. आक्कांचा जीव त्या तुकड्यात, पण बोलण्याची सोय नव्हती.

किर्लोस्करवाडी आली. १९१० साली वसलेल्या या गावात लोखंडी नांगर तयार होत आणि हा नांगर नवा होता, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक तो घ्यायला भीत, हे मी सांगितले. तात्या म्हणाले, "लोखंडानं न्हाई नासली, पाण्यानं नासली." मिरज सोडल्यावर खिडकीतून उसाच्या फडांमधले पांढरे पट्टे दिसू लागले. वर नुसता लव्हाळा आणि वेडी बाभळ.

जयसिंगपूरला उतरून एस.टी.ने वाडी गाठली. कृष्णा-पंचगंगेच्या संगमात हातपाय धुऊन पादुकांचे दर्शन घेतले. पावसाळ्यात नदी चढली की देवळात पाणी येते आणि दक्षिणद्वार सोहळ्याला लोक स्नानासाठी जमतात. घाटावर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा खाल्ला. पेढे व कवठाची बर्फी बांधून घेतली आणि कुरुंदवाडवरून खिद्रापूरला गेलो.

कोपेश्वराचे देऊळ एकदा तरी पाहावे असेच आहे. पुढचा स्वर्गमंडप अठ्ठेचाळीस खांबांचा असून त्याचे छत मधोमध गोल उघडे आहे. खाली उभे राहिले की आभाळ दिसते. बाहेरून पायाशी हत्तींची रांग कोरलेली आहे. जणू सारे देऊळ त्यांच्याच पाठीवर आहे. यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा, म्हणजे सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा, शिलालेख येथे आहे. देवापुढे नंदी नाही. तो नदीपलीकडे यडूरला आहे, असे लोक सांगतात.

गाभाऱ्यात कुणाचा अभिषेक चालला होता. आक्का बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या. बाहेर येऊन म्हणाल्या, "देवाच्या डोक्यावर एवढं पाणी पडतं, पर साचत न्हाई. त्याला वाट करून दिलीया. रानाला कुणी दिली? पाणी द्यायला समद्यांनी सांगितलं साहेब, काढायला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता येईना. खरे ते लिहितो. त्या तुकड्यात जिप्सम टाका, असे मीच सांगितले होते. तात्यांनी दोन वर्षे टाकले. पण मातीचा नमुना मी आधी तपासून घेतला नव्हता. खालचा ओढा सगळ्यांनी बुजवून ऊस लावला होता, तिकडेही काणाडोळा केला. निचरा नसेल तर जिप्समचा पैसा मातीत जातो.

परतताना शिरोळ तालुक्यातल्या एका रानात थांबलो. तिथल्या शेतकऱ्यांनी मिळून जमिनीत सच्छिद्र पाइप गाडले आहेत. पाइपाच्या तोंडातून ओढ्यात पाणी पडत होते. तात्यांनी बोट बुडवून जिभेला लावले. "खारट हाय की!" म्हणाले. शेजारीच उसाचा चांगला फड उभा होता. ते फडाकडे किती तरी वेळ बघत राहिले.

तुमचेही रान पांढरे पडत असेल तर आधी माती तपासून घ्या. क्षारता ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. तिला निचरा आणि क्षार धुऊन काढणे हाच उपाय. सामू ८.५ च्या वर आणि सोडियम जास्त असेल तर ती चोपण. तिथे जिप्सम लागते, पण निचऱ्याची सोय करूनच. पाइप साधारण तीन ते चार फूट खोल, उतार व मातीचा पोत पाहून तज्ज्ञांच्या सल्ल्याने घालावेत. पाणी शेजाऱ्याच्या रानातून जाणार, म्हणून हे काम एकट्याचे नव्हे, शिवाराचे आहे. पुढे धैंचा गाडा, पाटपाणी आवरा, ठिबक करा.

रात्रीच्या गाडीत तात्या आक्कांना म्हणाले, "इसार आठ दिस थांबवतो. आधी वढ्याकडच्या भावकीला बोलावतो." आक्का काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेढ्याचा पुडा सोडला आणि पहिला पेढा तात्यांच्या हातावर ठेवला.

भावकी जमेल की नाही, कोण जाणे. मातीचा नमुना मात्र दुसऱ्या दिवशी मीच जाऊन घेतला.