दमाचा हिशेब

येत्या १८ जूनला मिल्खा सिंग यांना जाऊन पाच वर्षे होतील. त्यानंतर तीनच दिवसांनी योग दिन. या दोन्ही तारखांचे धागे चंडीगडला जाऊन मिळतात. आयुष्याचा उत्तरार्ध मिल्खा सिंग यांनी याच शहरात काढला. पत्नी निर्मल कौर, ज्या एके काळी भारतीय व्हॉलीबॉल संघाच्या कर्णधार होत्या, गेल्यानंतर पाचच दिवसांनी त्यांनीही याच शहरातल्या पीजीआय रुग्णालयात डोळे मिटले. आणि २१ जून २०१६ च्या योग दिनाचा देशातला मुख्य सोहळा भरला होता तो चंडीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये. पंतप्रधानांसह सुमारे ३० हजार माणसे त्या दिवशी तिथल्या काँक्रीटच्या मोकळ्या प्रांगणात सतरंज्या पसरून श्वास आत घेत होती, बाहेर सोडत होती. पुढे महिना उलटायच्या आत, १७ जुलैला, या शहराचा वास्तुकार ल कॉर्ब्युझिए याच्या सात देशांतल्या १७ वास्तूंपैकी एक म्हणून या परिसराला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्या दोन्ही गोष्टींना यंदा दहा वर्षे होत आहेत.

असे दिवस जवळ आले की 'स्वतःला ओळखा', 'तुमच्यातली सुप्त शक्ती जागवा' असले मजकूर मोबाइलवर पहिल्या पावसातल्या भूछत्रांसारखे उगवतात. त्यांचा सूर असा, की प्रत्येकाच्या आत एक कुलूपबंद कपाट आहे, आणि महागडे बूट घेऊन पहाटे पळायला लागले की किल्ली आपोआप हाती येते. मिल्खा सिंग यांचे नाव अशा मजकुरांत हमखास असते. त्यांची गोष्ट मात्र जरा निराळी आहे.

मिल्खा सिंग आधी पळाले आणि मग धावले. शर्यतीपुरती ही दोन्ही क्रियापदे आपण एकाच अर्थाने वापरतो. पण जिवाच्या भीतीने माणूस पळतो आणि कुणाच्या हाकेला धावतो, हा फरक मराठीने राखून ठेवला आहे. आज पाकिस्तानात असलेल्या गोविंदपुरा गावातून १९४७ मध्ये तो पोरगा पळाला, तेव्हा मागे आईवडिलांची कत्तल झालेली होती. दिल्लीत निर्वासितांची छावणी, विनातिकीट प्रवासाबद्दल तिहारचा तुरुंग, सैन्याने तीनदा दिलेला नकार. १९५१ मध्ये चौथ्या खेपेला त्यांना भरती करून घेतले. सिकंदराबादच्या केंद्रात नव्या जवानांची सक्तीची लांब पल्ल्याची शर्यत झाली, तीत ते सहावे आले आणि पुढच्या सरावासाठी निवडले गेले. सराव करणाऱ्याला इतर कामांतून सूट आणि वर जादा दूध मिळे. पहिले आकर्षण त्या दुधाचे होते, हे ते स्वतः मोकळेपणाने सांगत. आतून आलेली हाक वगैरे त्यात काही नव्हते. एका पोरक्या मुलाला कोणीतरी पेलाभर दूध देऊ केले आणि पळायला जागा दिली, एवढेच.

सात वर्षांनी, १९५८ साली, कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ४४० यार्डांचे सुवर्ण जिंकले. दुसरा आला दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स. दोन वर्षांनी, ६ सप्टेंबर १९६० रोजी, रोमच्या ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरच्या अंतिम शर्यतीत हे दोघे पुन्हा समोरासमोर आले. स्पेन्स ४५.५ सेकंद, मिल्खा ४५.६. कांस्यपदक सेकंदाच्या दहाव्या भागाने गेले.

ते का गेले, याची लोकप्रिय गोष्ट अशी, की त्यांनी मागे वळून पाहिले. 'भाग मिल्खा भाग' या चित्रपटात ती वळलेली मान आपण सर्वांनी पाहिली आहे. फाळणीच्या रक्ताकडे वळून पाहणारा धावपटू ही प्रतिमा पडद्याला भावणारच. स्वतः मिल्खा सिंग मात्र पुढची सहा दशके अधिक साधी आणि अधिक बोचरी गोष्ट सांगत आले. आपण सुरुवात फार वेगात केली. अडीचशे मीटरच्या आसपास वाटले की हा वेग शेवटपर्यंत टिकणार नाही, म्हणून किंचित आवरते घेतले. आणि गेलेले अंतर पुन्हा भरून निघाले नाही. चारशे मीटरची शर्यत पूर्ण वेगाने कोणालाच मारता येत नाही. शेवटच्या शंभर मीटरमध्ये सगळेच मंदावतात, आणि जो सर्वांत कमी मंदावतो तो जिंकतो. म्हणजे पायांची ताकद जितकी लागते तितकाच लागतो स्वतःच्या शिलकीचा अंदाज. अडीचशेव्या मीटरला मिल्खा सिंग यांचा हा अंदाज एका क्षणापुरता चुकला. वेग नव्हता असे नाही. आपल्यात अजून किती उरले आहे, हे त्या क्षणी त्यांना कळले नाही.

आमच्या मते धावण्यातून येणारी आत्मजाणीव म्हणतात ती हीच. तिच्यासाठी मराठीत 'दम' हा अस्सल शब्द आहे. दम लागतो, दम खाता येतो, दम धरावा लागतो; एखाद्यात दम असतो, एखाद्याचा निघतो. श्वास, ताकद, विसावा आणि धीर या चार गोष्टींना एकच शब्द पुरवणारी भाषा बोलणाऱ्या माणसांना हे वेगळे शिकवायची खरे तर गरज नाही. घरातली म्हातारी माणसे 'दमानं घे' म्हणतात, तेव्हा हळू जा एवढाच त्याचा अर्थ नसतो. श्वासाला विचारून जा, असा असतो. हल्ली मनगटावरचे घड्याळ ठोके मोजते, वेग सांगते, झोप कशी झाली याचेही गुण देते. त्याला आमची हरकत नाही. पण नवख्या धावणाऱ्याला जुने प्रशिक्षक सांगतात तो ठोकताळा अजून कोणत्याही घड्याळाने मोडीत काढलेला नाही: पळताना शेजारच्याशी दोन वाक्ये बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल, तर तुम्ही उद्याचे उसने आणून आज पळत आहात.

आपल्याकडे हा हिशेब सर्वांत चोख कोणाला ठाऊक असेल, तर तो भरतीच्या पोरांना. मराठवाड्यात, खानदेशात, माणदेशात पहाटे एसटीने निघा. हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीच्या आतबाहेर, अंधारात पळणारी मुले-मुली दिसतील. मुलांना पोलीस भरतीचे सोळाशे मीटर मारायचे असते, मुलींना आठशे. सोळाशे म्हणजे चार फेऱ्या. पहिली जोशात मारली की तिसरीत माणूस बसतो, हे त्यांतल्या प्रत्येकाला पायांनी कळलेले असते. त्यांच्या तोंडी 'पोटेन्शियल' नाही, 'टाइम' आहे: तुझा टाइम किती, माझा अजून बारा सेकंद कमी व्हायला पाहिजे. शहरी मॅरेथॉनच्या टी-शर्टांवर छापलेल्या सुविचारांपेक्षा आम्हाला या बारा सेकंदांच्या बोलण्यात आत्मज्ञान अधिक दिसते. त्यामागे नोकरीची निकड आहे, म्हणून ते कमी पवित्र ठरत नाही. मिल्खा सिंग यांच्या दुधाहून ते वेगळे कुठे आहे?

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातले मांडवा हे अविनाश साबळेचे गाव. शाळेसाठी रोज सहा किलोमीटर चालायचे किंवा पळायचे, बारावीनंतर सैन्यात महार रेजिमेंट, सियाचीनची बर्फातली ड्युटी, आणि सैन्यातल्याच क्रॉसकंट्रीतून स्टीपलचेसकडे. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचे सुवर्ण ०.०५ सेकंदांनी हुकले. रोममधल्या अंतराच्या निम्मे. त्याने काय केले? पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतले आणि २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. मिल्खा सिंग यांना ऑलिंपिक पदकाची दुसरी संधी आलीच नाही. दोघांना जोडणारा धागा सैन्याचा आहे, आणि तो योगायोग नव्हे. गरीब घरातल्या पोराला रोज पोटभर खायला, पळायला मैदान आणि पळण्याची फुरसत एकत्र देणाऱ्या संस्था या देशात बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या. सुप्त शक्तीचे प्रवचन देणाऱ्यांनी हे वाक्य गाळू नये.

माप हा विषय निघाला की चंडीगडला परत यावे लागते, कारण ते शहर एका मापावर बांधलेले आहे. कॉर्ब्युझिएने 'मोड्युलॉर' नावाची मोजपट्टी तयार केली होती: हात वर करून उभा असलेला माणूस. आधी त्याची उंची १.७५ मीटर धरली होती. मग इंग्रजी रहस्यकथांमधले रुबाबदार पोलीस नेहमी सहा फुटी असतात, असा विचार होऊन ती १.८३ झाली, वर केलेल्या हातासकट २.२६. कॅपिटल कॉम्प्लेक्समधल्या इमारतींची प्रमाणे या कल्पित सहा फुटी गड्यावरून आली, आणि तिथल्या काँक्रीटवर तो ठसवलेलाही आहे.

त्याच शहराचे नाव जगभर नेणाऱ्या मन कौर या मापात कुठेच बसल्या नसत्या. ठेंगणी, सुरकुतलेली, सलवार-कमीजवर टी-शर्ट घालून पळणारी ही बाई १९१६ साली जन्मली, पतियाळाच्या राजघराण्यात दाईकाम केले, आणि ९३ व्या वर्षी मुलाच्या आग्रहाने पहिल्यांदा ट्रॅकवर उतरली. २०१७ मध्ये ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत १०१ व्या वर्षी त्यांनी १०० मीटर ७४ सेकंदांत पूर्ण केले. शंभरीपुढच्या गटात त्या एकट्याच होत्या, त्यामुळे हरण्याची सोय नव्हती, असे कोणी हसून म्हणेल. म्हणू दे. शर्यत आधीच्या ८१ सेकंदांशी होती, आणि तो आकडा त्यांचाच होता. मिल्खा सिंग गेल्यानंतर दीड महिन्याने, ३१ जुलै २०२१ ला, त्याही गेल्या.

पंजाबच्या तिसऱ्या म्हाताऱ्याची आठवण अधिक टोचते. फौजा सिंग यांनी मुलाच्या मृत्यूचे दुःख पायांखाली घातले, ८९ व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन पळाली, शंभराव्या वर्षी टोरंटोची पूर्ण केली. गेल्या वर्षी १४ जुलैला जालंधरजवळच्या आपल्या गावी पायी निघालेले असताना हायवेवर एका गाडीने त्यांना उडवले. स्वतःच्या सांगण्यानुसार ते ११४ वर्षांचे होते. शरीर काय करू शकते याचा त्यांच्याइतका पुरावा दुसरा नसेल. रस्ता त्या पुराव्याकडे पाहत नाही. आपली भरतीची पोरे रोज पहाटे याच पांढऱ्या पट्टीवर असतात.

हा धोका कॉर्ब्युझिएने पन्नासच्या दशकातच ओळखला होता. चंडीगडमध्ये त्याने रस्त्यांचे सात प्रकार केले, त्यांतला एक फक्त चालणाऱ्यांसाठी. कॅपिटल कॉम्प्लेक्समध्ये तर गाड्यांचे रस्ते खोदून खालच्या पातळीवर नेले आणि विधानसभा ते उच्च न्यायालय हे सगळे वरचे अंगण पायी माणसाला दिले. खोदलेल्या मातीच्या टेकड्या केल्या. एका कडेला, वाऱ्याने फिरणारा २६ मीटर उंचीचा 'उघडा हात'. देण्यासाठी उघडा, घेण्यासाठी उघडा. तो उभा राहायला १९८५ साल उजाडले, कॉर्ब्युझिए जाऊन वीस वर्षांनी. आणि माणसे? ३१ ऑगस्ट १९९५ ला सचिवालयाच्या दारात स्फोट होऊन मुख्यमंत्री बेअंत सिंग यांचा बळी गेला. त्यानंतरचा बंदोबस्त निष्कारण नव्हता. पण आज ओळखपत्र दाखवून, वाटाड्यासोबत, ठरलेल्या वेळीच या अंगणात पाऊल टाकता येते. बाकी सगळे तास तो विस्तीर्ण काँक्रीटचा पट जूनच्या उन्हात एकटाच तापत असतो. चालणाऱ्यांसाठी बांधलेली जगातली बहुधा सर्वांत देखणी जागा, आणि तिच्यावर चालायला कोणी नाही.

चालणारे आहेत ते शेजारी, सुखना तलावाच्या बांधावर. १९५८ साली ओढा अडवून केलेला हा तलाव. त्याच्या बांधावर वाहन येऊ द्यायचे नाही आणि पाण्यात मोटारबोट नको, हे कॉर्ब्युझिएने बजावून ठेवले होते. त्याचा चुलतभाऊ आणि सहकारी पिएर जानरे या शहरात पंधरा वर्षे राहिला; त्याची रक्षा याच पाण्यात सोडली आहे. पहाटे साडेपाचला इथे निवृत्त सुभेदार, विद्यापीठातल्या मुली, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या आजी, अकादमीतली पोरे असे सगळे एकाच वाटेने जातात, आपापल्या दमाने. कोणी कोणाला हटकत नाही. एक साधा नियम, गाडी नको, सत्तर वर्षांजवळ पाळला गेला आणि त्यातून हे घडले. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एक बिनगाडीचा किलोमीटर काढायला काय लागते? पैसा फार लागत नाही. पहाटे दोन तास एक रस्ता अडवायला दोन बॅरिकेड आणि एक हवालदार पुरतो.

चंडीगडच्या प्रशासनाला मात्र आमचे एक वेगळे मागणे आहे. १७ जुलैच्या दशकपूर्तीला भाषणे होतीलच. त्याआधी, १८ जूनच्या पहाटे, ते अंगण दोन तास उघडावे. छातीवर नंबर नको, पदक नको, टी-शर्ट तर नकोच. विधानसभा आणि उच्च न्यायालय यांच्यातले अंतर साधारण चारशे-साडेचारशे मीटर भरते. म्हणजे मिल्खा सिंग यांची शर्यत, वळणे काढून सरळ केलेली. ज्याला जमेल त्याने पळावे, न जमेल त्याने चालावे. दोन्ही इमारतींच्या मध्ये कुठेतरी कॉर्ब्युझिएचा 'सावल्यांचा मनोरा' उभा आहे. तो अडीचशेव्या मीटरच्या जवळपास येतो का, हे एकदा पावलांनी मोजून पाहायला हवे.