स्कूबाचे सामान घेताना आधी दुरुस्तीचे विचारा, मग किंमत



'आरोग्य आणि अर्थ' या सदरात समुद्रात बुडी मारण्याच्या सामानावर लेख कशाला, असे काहींना वाटेल. पण या विषयात आरोग्यही आहे आणि अर्थही, आणि दोन्हींचा धडा मी पैसे मोजून घेतला आहे.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात नियंत्रण यंत्रणेचे काम पाहतो. सात लहान बेटांमधला समुद्र भरून हे बेट तयार झाले आणि १४ ऑक्टोबर २००० रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन झाले. पासशिवाय तिथे प्रवेश नाही. वायुगळती झाल्यास वापरायचे श्वसनसंच आमच्याकडे भिंतीवर टांगलेले असतात. प्रत्येकाला एक चिठ्ठी असते : मागची तपासणी कधी झाली, पुढची कधी, सही कोणाची. तारीख उलटलेला संच कोणी हातात घेत नाही.

रोज हे पाहणारा मी, स्वतःच्या बायकोसाठी रेग्युलेटर घेताना मात्र फक्त किंमत पाहिली!

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. भरलेल्या सिलिंडरमधल्या हवेचा दाब साधारण २०० बार असतो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन बार असतो, यावरून कल्पना यावी. ही हवा दोन टप्प्यांत श्वास घेण्याजोगी करतो तो रेग्युलेटर. त्यातल्या झडपा आणि रबरी ओ-रिंगा झिजतात, खाऱ्या पाण्याने खराब होतात. म्हणूनच बहुतेक कंपन्या त्याची ठरावीक काळाने, साधारणपणे वर्षा-दोन वर्षांनी, प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून तपासणी करायला सांगतात.

आम्ही दोघे इथेच पाण्यात उतरायला शिकलो. सौ.साठी नवा रेग्युलेटर घ्यायचा होता. इथल्या दुकानापेक्षा परदेशातल्या एका विक्रेत्याकडे तोच १८० डॉलरने स्वस्त मिळत होता. वर 'आजीवन वॉरंटी' असे मोठ्या अक्षरांत छापलेले. मी लगेच मागवला आणि चार मित्रांना कौतुकाने सांगितलेही.

आठ महिन्यांनी पुलाऊ हांतू बेटाजवळ, दहा मीटर खोलीवर, तिच्या रेग्युलेटरमधून हवा आपोआप भसाभसा बाहेर पडू लागली. काट्याकडे पाहिले तर तो भराभर खाली येत होता. आमच्या प्रशिक्षकाने शांतपणे आपला जादा रेग्युलेटर तिच्या तोंडात दिला आणि सावकाश वर आणले. तिला काही झाले नाही. पण नावेत बसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या इथल्या अधिकृत विक्रेत्याकडे गेलो. पहिल्या टप्प्यातली झडप नीट बसत नव्हती, त्यामुळे दाब हळूहळू वाढत जाई. दुरुस्ती होणार होती, पण फुकट नव्हे. आजीवन वॉरंटी होती ती अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या मालाला, पहिल्याच मालकाला, आणि तपासणीच्या नोंदी ठेवल्या असतील तर. शिवाय झिजणारे भाग तिच्यात धरलेलेच नव्हते. हे सगळे कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत होते. परदेशी विक्रेत्याने पत्रांना उत्तरच दिले नाही. वाचवले १८० डॉलर, गेले २१०. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

माझे मत असे. ज्या वस्तूवर श्वास अवलंबून आहे ती घेताना आपण वस्तू विकत घेत नसतो, तिच्यामागची माणसे विकत घेत असतो. म्हणून किमतीआधी चार प्रश्न विचारावेत. याची दुरुस्ती इथे सिंगापुरात कोण करते? सुटे भाग मिळतात का? दर तपासणीला किती खर्च येतो? वॉरंटी कोणत्या कारणाने रद्द होते? मग पाच वर्षांचा एकूण खर्च मांडावा. या हिशेबात स्वस्त माल बऱ्याचदा महाग ठरतो. दुकानदार या प्रश्नांना कंटाळला, तर तेही एक उत्तरच समजावे.

कायदाही माहीत हवा. वॉरंटी हे कंपनीने दिलेले वचन, पण कायद्याचे संरक्षण त्याहून वेगळे असते. इथला 'लेमन लॉ' १ सप्टेंबर २०१२ पासून लागू आहे. माल हाती आल्यापासून सहा महिन्यांत दोष दिसला, तर तो मुळातच होता असे सर्वसाधारणपणे धरले जाते. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. आधी दुरुस्ती किंवा बदली, ते न जमल्यास किमतीत सूट किंवा पैसे परत. मात्र झीज, गैरवापर किंवा मन बदलणे यात बसत नाही. दुकानदार ऐकत नसेल तर १९७१ साली स्थापन झालेली 'केस' ही ग्राहक संघटना मदत करते. त्यापुढे स्मॉल क्लेम्स ट्रायब्युनल आहे : २० हजार डॉलरपर्यंतचे दावे, दोन वर्षांच्या आत, आणि वकील नाही. पण विक्रेता सातासमुद्रापार असेल, तर या साऱ्याचा उपयोग फार थोडा.

आपल्यापैकी काहींच्या घरी लहानपणी मुंबई ग्राहक पंचायतीचे सामान दर महिन्याला येत असेल. १९७५ साली सुरू झालेल्या त्या चळवळीने आपल्या आईवडिलांना पावती मागायला आणि प्रश्न विचारायला शिकवले. परदेशात येऊन आपण ही सवय का सोडावी?

सुट्टीत गावी गेल्यावर अनेक कुटुंबे मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मुलांना स्कूबाला नेतात. तिथले सामान भाड्याचे असते, पण प्रश्न तोच. मुलाच्या तोंडात रेग्युलेटर देण्यापूर्वी विचारा, "याची शेवटची तपासणी कधी झाली?" विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटायचा. आता वाटत नाही.

आमच्या त्या रेग्युलेटरला सौ.ने कारखान्यातल्यासारखी एक चिठ्ठी बांधली आहे. पुढच्या तपासणीची तारीख तिने स्वतः लिहिली, आणि सहीच्या जागी माझी सही घेतली.