हिरवी तार

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने विजेच्या तारांविषयी लिहावे, हे काहींना विचित्र वाटेल. परंतु यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या रंगीत तालमीत गिटारच्या तारांवर हात ठेवून मी माइकजवळ तोंड नेले आणि ओठांना जो झटका बसला, त्यानंतर गप्प बसणे मला जमणार नाही. मी मागे उडालो तो मित्रांना अभिनयच वाटला. टाळ्याही पडल्या!

चौकशी केली तेव्हा कळले, की अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधील हिरवी तार, म्हणजे अर्थिंग, कोणीतरी पूर्वीच सोडवून ठेवली होती. कारण काय, तर 'अ‍ॅम्प गुणगुणतो'. तार सुटली, गुणगुण थांबली, आणि ही युक्ती एका तुकडीकडून दुसरीकडे वारशासारखी चालत आली.

गिटारच्या तारा वायरच्या जाळीमार्फत अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. आत वीज गळू लागली, तर हिरवी तार तिला जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. ती तार नसली, की वीज गिटारच्या तारांवर येऊन थांबते. अर्थिंग असलेल्या माइकला ओठ लागले, की वादकाच्या देहातून वाट काढते. 'स्टोन द क्रोज' या वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे भर रंगमंचावर गेला. तिथे अर्थिंग नव्हते ते माइकला, एवढाच फरक.

आमच्या एका आदरणीय सरांचे म्हणणे, "हे काम वायरमनचे, तुम्ही सुरांकडे लक्ष द्या." सरांची क्षमा मागून विचारतो, तबलजी हातोडी दुसऱ्याच्या हाती देतो का? तंबोऱ्याची जवारी लागली की नाही, हे गाणारालाच कळावे लागते ना? इलेक्ट्रिक गिटारचे अर्धे वाद्य त्या खोक्यात आहे. ते वर्षभर कपाटात कोंडायचे, पावसाळ्यात त्याला बुरशी येऊ द्यायची, आणि संमेलनाच्या आदल्या दिवशी खरखरते म्हणून थापा मारायच्या, ही कुठली कलासाधना? खरखर बहुधा आवाजाच्या बटणाखाली साचलेल्या धुळीची असते. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पुरतो. (मात्र व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प असेल तर खोके उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात. तिथे सरांचा वायरमनही पुरणार नाही, जाणता मेकॅनिकच हवा.)

आणि गुणगुणीचे म्हणाल, तर ती पुष्कळदा गिटारच्या एकेरी पिकअपमधूनच येते. गिब्सन कंपनीने १९५७ पासून उलटसुलट जोडलेल्या दोन कॉइलचे पिकअप वापरले ते हिच्याचसाठी. आपण निदान अ‍ॅम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावर लावू शकतो, ट्यूबलाइटपासून दूर उभे राहू शकतो.

पण आम्हांला हवे असतात जादा वॉट! वॉट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम तीन डेसिबलने वाढतो. नव्या अ‍ॅम्पसाठी वर्गणी गोळा करायला निघालेल्या मित्रांनी आधी एक टेस्टर घ्यावा, असे मी सुचवले, ते हसले.

वायरमनकाकांकडून हिरवी तार मी जोडून घेतली आहे. अ‍ॅम्प पुन्हा थोडा गुणगुणतो. रंगमंचावरची ती जुनी ट्यूबलाइट बदलायची राहिली आहे.