घडीतला घोडा

जून लागला की आंबोलीचा पाऊस मुलांना मैदानावर पाय ठेवू देत नाही. असे दिवस कागदाचे घोडे घडवायचे. दमट हवेत कागद मऊ पडतो, घडी नखाने पुन्हा पुन्हा दाबावी लागते. कोपऱ्याला कोपरा जुळला की चौरसाचे दोन त्रिकोण होतात आणि ‘कर्ण’ हा शब्द ऐकण्याआधीच तो बोटांना कळतो. घड्यांची हीच भूमिती टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासहून पुस्तकरूपात आणली. घाट उतरला की सावंतवाडीची चितारआळी, तिथली लाकडी खेळणी. हातांची कदर या मुलखाला नवी नाही. शेपटीला टिचकी मारताच कागदी घोडा कोलांटी घेऊन पुन्हा उभा राहतो, तेव्हा मुलाचे डोळे पाहा. गुरुजी, बाई, आठवड्यातला एक तास या हातांना द्याच.